अक्का निकषात बसत नाही

२०२२ सालची गोष्ट. आमच्या वस्तीत दोन पोरं आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, हातात छापील फॉर्म. टीबीवरच्या एका लसीचा अभ्यास चाललाय म्हणाली. ज्या घरात टीबीचा पेशंट आहे त्या घरातल्या बाकीच्यांना लस देऊन बघायची होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात पेशंट होता. तिचा पोरगा, वय एकोणीस, थुंकीत जंतू निघालेला. म्हणजे अक्काचं घर त्यांना पाहिजे तसलंच घर.

पोरांनी विचारलं, मावशी, दुसरा काही आजार? अक्कानं लपवलं नाही. दाजी गेले त्या सालापासून ती एचआयव्हीच्या गोळ्या घेते. एक दिवस चुकवत नाही. तसं तिनं सांगितलं. पोरानं फॉर्मवर फुली मारली. म्हणाला, "मावशी, तुम्ही निकषात बसत नाही."

अक्का दारात उभी होती. म्हणाली, "मी उभीच हाय की रं बाळा. बस म्हनलास तर बसते."

पोरं हसली. अक्काही हसली. पोरं शेजारच्या घरात गेली.

रात्री तिनं मला विचारलं, "निकष म्हंजी काय रं?" मी चार बुकं शिकलेला माणूस. मला सांगता येईना. शेवटी म्हणालो, निकष म्हणजे त्यांची पंगत. त्या पंगतीत तुझं पान मांडलेलं नाही. अक्का म्हणाली, "मग हे तर आपल्याला म्हाईत हाय की."

सात महिन्यांनी अक्काला टीबी झाला. वजन केलं तर चौतीस किलो.

दोस्तहो, त्या पोरांना शिव्या द्यायला मी हा लेख लिहीत नाही. ती पगारी पोरं. कुठं फुली मारायची ते त्यांना वरून आलेलं होतं. मला बोलायचंय ते त्या वरच्यांशी, आणि तुमच्याशी.

०००

आधी त्यांची बाजू सांगतो. नाहीतर म्हणतील, हे शिकलेले नाहीत, नुसते बोंबलतात.

टीबीवर सगळ्या जगात सर्रास वापरात असलेली लस एकच, बीसीजी. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच माणसांनी गाईच्या टीबीचा जंतू घेतला आणि पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर तो पुन्हा पुन्हा वाढवला. १९०८ ते १९२१, तेरा वर्षं, २३० वेळा. जंतूचा दात पडला, पण जंतू मेला नाही. म्हणजे बीसीजीच्या थेंबात जिवंत जंतू असतो. धडधाकट बाळाच्या दंडात तो टोचला की शरीरातल्या शिपाई पेशी त्याला घेरतात, त्याची ओळख पटवून ठेवतात आणि दंडावर एक व्रण राहतो. तुमच्या-माझ्या दंडावर तो आहे.

पण ज्याचे शिपाईच कमी पडलेत त्याच्या अंगात हा दात पडलेला जंतूसुद्धा मोकाट सुटतो. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात हे मोजलं गेलं. जन्मताच एचआयव्ही लागलेल्या बाळांत शंभरात सुमारे एका बाळाच्या अंगभर बीसीजीचा जंतू पसरला. लस हीच रोग झाली. म्हणून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, एचआयव्ही आहे हे माहीत असलेल्या बाळाला बीसीजी देऊ नका. २०१८ साली त्यात बदल केला. ज्यांची औषधं चालू आहेत आणि प्रकृती सावरली आहे त्यांना देता येईल, असं म्हटलं.

अक्काला त्या पोरांनी जी लस नाकारली तीही जिवंत जंतूची होती. ती नाकारली ते बरोबरच केलं. हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवतो. एचआयव्हीवाल्या, किडनी बदललेल्या, कॅन्सरचं औषध चाललेल्या माणसानं डॉक्टरला न विचारता जिवंत लस टोचून घेऊ नये. हट्ट करून जीव जातो.

इथपर्यंत त्यांचं खरं. आता आमचं ऐका.

०००

जिवंत जंतूची लस हा लशीचा एक प्रकार. मेलेल्या जंतूची लस करता येते. जंतूच्या अंगातलं एखाद-दुसरं प्रथिन काढून त्याचीही करता येते. मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही. मग अशक्त माणसाला बाहेर ठेवायचं कारण काय उरलं?

कारण उरत नाही हे टांझानियात सिद्ध झालंय. दार-एस-सलाम शहर. २००१ ते २००८. मातीत सापडणाऱ्या एका मायकोबॅक्टेरियमला मारून लस केली. ती दिली कुणाला? मुद्दाम एचआयव्ही असलेल्यांनाच. लहानपणी बीसीजी घेतलेली २,०१३ मोठी माणसं. निम्म्यांना लशीचे पाच डोस, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणा. ज्यांना पाणी दिलं त्यांच्यात ५२ जणांना पक्का टीबी निघाला. ज्यांना लस दिली त्यांच्यात ३३ जणांना. म्हणजे शेकडा ३९ नं कमी. रोग अंगभर पसरलेल्यांची संख्या मुळात थोडी होती, त्यामुळं त्या मोजणीत पक्का फरक दाखवता आला नाही. तेही सांगायला पाहिजे. पण शंभर वर्षं जो म्हणतो "यांच्या अंगात लस धरतच नाही", त्याच्या तोंडावर ते ३३ आणि ५२ आकडे मारून ठेवलेत.

हा निकाल २०१० साली छापून आला. मग काय झालं? जगभर धावपळ झाली? कारखाने उभे राहिले? काही नाही. त्या लशीची बनवण्याची जुनी रीत मोठ्या प्रमाणावर चालण्यासारखी नव्हती. नव्या रीतीनं परत बनवली. आणि परत बनवल्यावर पुढची मोठी परीक्षा घेतली ती शाळकरी, धडधाकट पोरांवर. त्यांना टीबीचा जंतू लागूच नये म्हणून ती लस चालते का, हे बघायला. २०२० साली निकाल आला, नाही चालत. गाडी तिथंच थांबली. ज्या माणसांत तिनं काम केलं होतं, त्या माणसांसाठी ती पुढं नेली नाही. एचआयव्हीवाल्यांच्या दवाखान्यात ती लस आजही मिळत नाही.

दुसरा दाखला घ्या. एमव्हीए-८५ए नावाची लस दक्षिण आफ्रिका आणि सेनेगलमध्ये एचआयव्हीच्या ६५० माणसांना देऊन बघितली. २०१५ साली निकाल आला. लस निरुपद्रवी ठरली, पण रोग अडवू शकली नाही. हरली. हरू दे. लस हरली याचं दुःख करावं. पण यातून एक गोष्ट कळाली. अशक्त माणसांना घेऊन, त्यांच्या जिवाला न लागता, चाचणी करता येते. "करताच येत नाही" हे थोतांड आहे.

तिसरा दाखला आजचा. एम-७२ ही लस. टीबीच्या जंतूची दोन प्रथिनं जोडून बनवलेली. तिच्यात जिवंत काही नाही. केनिया, दक्षिण आफ्रिका, झांबिया इथं सुमारे साडेतीन हजार माणसांवर तिची चाचणी झाली. तीन वर्षांत पाण्याच्या गटात २६ जणांना टीबी, लशीच्या गटात १३ जणांना. निम्म्यानं कमी. बीसीजीनंतर शंभर वर्षांत एवढी आशा कुणी दाखवली नव्हती. २०१८-१९ साली सगळीकडं टाळ्या पडल्या. आणि त्या साडेतीन हजारांत एचआयव्हीवाले किती होते? एकही नाही. निकषात बसत नव्हते. ज्या आफ्रिकेत टीबीनं मरणाऱ्यांत एचआयव्हीवाल्यांचा ढीग लागतो त्या आफ्रिकेत चाचणी, आणि तेच बाहेर.

मार्च २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत याच लशीची तिसरी, मोठी फेरी सुरू झाली. सुमारे २०,००० माणसं. या वेळी एचआयव्ही असलेल्यांनाही आत घेतलं. त्यांच्यासाठी वेगळी छोटी चाचणी दक्षिण आफ्रिकेत आधी करून बघितली होती. घेतलं, चांगलं केलं. पण मला सांगा, जे २०२४ ला जमलं ते दहा वर्षं आधी का नाही? प्रथिनं तीच होती. माणसंही तीच होती. बदललं काय? फॉर्म बदलला. फॉर्मवरची फुली पुसली.

फुली माणूस मारतो, माणूसच पुसतो. त्यात विज्ञानाचा एवढाच भाग.

०००

आमच्या महाराष्ट्राचंही सांगतो. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये व्हीपीएम-१००२ नावाची लस बनते. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीच्या जंतूत फेरफार करून ती तयार झाली. बीसीजीपेक्षा बिनधोक व्हावी हा एक हेतू. ज्यांच्या आईला एचआयव्ही आहे पण बाळाला लागण नाही, अशा नवजात बाळांनाही ती दिली गेली. कुठं? दक्षिण आफ्रिकेत. लस पुण्यात बनते, आणि अशक्तांच्या घरातलं बाळ म्हणून ती पोचते समुद्रापलीकडं. तिथल्या बाळांचं भलं होवो. पण जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी चारात एक माणूस आपल्या देशात आहे. २०२३ साली इथं सुमारे २८ लाख माणसांना हा रोग झाला. त्याच वर्षी जगात साडेबारा लाख माणसं टीबीनं मेली, त्यांतली १ लाख ६१ हजार एचआयव्ही असलेली. या मढ्यांना निकष लावला नव्हता कुणी. मरायला सगळे बसतात.

०००

आता सगळ्यात मोठ्या गोष्टीकडं येतो.

इंग्रजी कागदावर आमच्यासाठी जो शब्द असतो त्याचा मराठी अर्थ होतो, ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झाली आहे असे. "झाली आहे." कशी झाली? आपोआप? पावसात भिजली? कुणी केली हे त्या शब्दात नाही. भाषेनं चोराला पाठीमागच्या दारानं सोडून दिलंय.

एचआयव्ही हा त्यातला एक हिस्सा. या देशात शरीराचे शिपाई सगळ्यात जास्त मारते ती भूक. ज्या पेशींनी टीबीच्या जंतूला कोंडून ठेवायचं त्या पेशी डाळीनं, दाण्यानं, अंड्यानं बनतात. मिरची-भाकरीवर माणूस जगतो, शिपाई जगत नाहीत. दुसरी मारते धूळ. दगडखाणीत, खडीच्या मशीनवर जो धुरळा उडतो त्यातली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. टीबीचा जंतू गिळणाऱ्या पेशी ती सिलिका गिळतात आणि मरतात. मग जंतूला रान मोकळं. दाजी खाणीवर होते. एचआयव्ही नसता तरी त्यांची छाती गेलेलीच होती. खाणीवर कोण असतं, गटारात कोण उतरतं, हे मी या पानावर कुणाला सांगायला नको.

झारखंडमध्ये एक अभ्यास झाला. २०१९ ते २०२२. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि त्यांच्या सोबत्यांनी केलेला. टीबीच्या पेशंटांच्या घरातली दहा हजारांवर माणसं, बहुतेक आदिवासी. पेशंटला सगळीकडं शिधा दिला. घरातल्या बाकीच्यांना मात्र निम्म्या भागांत दिला, निम्म्या भागांत नाही. शिधा काय? मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. सहा महिने. २०२३ साली निकाल छापून आला. ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात टीबी शेकडा ३९ नं कमी झाला.

आकडा परत वाचा. टांझानियाच्या लशीनं एकोणचाळीस. झारखंडच्या डाळ-तांदळानंही एकोणचाळीस. देश वेगळे, माणसं वेगळी, रोगाची मोजणी वेगळी. तेव्हा दोन्ही एकाच तराजूत टाकून डाळ म्हणजेच लस असं मी म्हणणार नाही. पण इतकं तर म्हणतो की भुकेल्याच्या अंगात शिपाई परत उभे राहतात. ते कायमचे मेले नव्हते. उपाशी होते.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१८ पासून पेशंटच्या खात्यात महिन्याला पाचशे रुपये टाकायला लागले, नोव्हेंबर २०२४ पासून हजार केले. पण ते रोग झाल्यावर. आधी पड, मग उचलतो. घरातल्या ज्या बाईनं आपल्या ताटातलं काढून पेशंटच्या ताटात वाढलं, तिच्या ताटाचं काय? अक्कानं पोराला अंडी खाऊ घातली. स्वतः चहात पाव बुडवून झोपली. पोरगा उठला, अक्का पडली.

०००

दोन आक्षेप येतील, दोन्हींना उत्तर देतो.

पहिला वरच्यांचा. अशक्त माणसं चाचणीत घेतली की ती कशानंही आजारी पडतात, मरतात, मग ते लशीमुळं झालं की कशानं ते कळत नाही, हिशेब बिघडतो. आधी धडधाकटांवर लस सिद्ध होऊ द्या, मग तुमच्याकडं येतो. याला उत्तर असं, की पहिल्या पायरीवर सुरक्षितता धडधाकटांवर बघा, आमची हरकत नाही. पण लस चालते की नाही हे बघायची पायरी आली की आमचा वेगळा गट त्याच वेळी लावा. आमचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. एम-७२ नं ते आता केलंच आहे. "मग येतो" हे शब्द आम्ही ओळखतो. गावच्या विहिरीवर आधी सगळ्यांनी भरून घेतल्यावर "मग" आमची घागर. तोवर तळ लागलेला.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा, आणि तो मला जास्त जड जातो. म्हणतात, कशाला त्यांच्या सुया अंगात घेता? उंदीर करतील तुमचे. यांचं भय खोटं नाही. गरिबाचं अंग फुकट समजणारे फार झाले. पण विचार करा. चाचणीत न घेता लस आली, तर पुढं काय होणार? डॉक्टर म्हणणार, तुमच्यासारख्यांवर ही बघितलेली नाही, देता येणार नाही. किंवा न बघताच टोचणार. पहिल्यात लस हुकली, दुसऱ्यात आम्ही उंदीरच झालो, तेही नोंद न होता. चाचणीत निदान नोंद आहे, विमा आहे, "नाही" म्हणायचा हक्क आहे. तो हक्क खरा पाहिजे, इंग्रजी कागदावरचा अंगठा नको. आमच्या बोलीत सांगा, घरी विचार करायला चार दिवस द्या. नको म्हटलं तर चालू गोळ्या बंद होणार नाहीत हे आधी सांगा. आणि निकाल लागला की परत वस्तीत या. जिंकलात तरी या, हरलात तरी या. फॉर्म भरून घ्यायला रस्ता सापडतो, निकाल सांगायला का सापडत नाही?

०००

दक्षिण आफ्रिकेत १९९८ साली एचआयव्ही असलेल्या माणसांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ट्रीटमेंट ॲक्शन कँपेन ही संघटना काढली. रस्त्यावर आली, कोर्टात गेली, आपल्याच सरकारशी भांडली. त्यांचा पुढारी झॅकी अखमत. गरिबाला दवाखान्यात औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही म्हणून तो बसला. आजारी माणूस स्वतः उभा राहिला तेव्हा औषध मिळालं. दयेनं कुणी आणून दिलं नाही. टीबीवाल्यांची, एचआयव्हीवाल्यांची, खाणकामगारांची तशी एकजूट आपल्याकडं अजून व्हायची आहे. प्रत्येकजण आपला आजार पदराखाली झाकून वेगळ्या रांगेत उभा.

मागणी थोडक्यात लिहितो, म्हणजे कुणाला म्हणायला नको की हे नुसते रडतात.

मेलेल्या जंतूची किंवा प्रथिनांची लस असेल तर अशक्तांना सुरुवातीच्या आराखड्यातच जागा द्या. वगळायचं असेल तर कारण लिहा, आणि ते कारण त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा.

ज्या माणसाला लस नाकारली त्याला रिकाम्या हातानं परत पाठवू नका. त्याला आधी टीबी नाही ना हे तपासून प्रतिबंधक गोळ्या चालू करा. एचआयव्हीवाल्याला त्या गोळ्या द्याव्यात हे कागदावर कधीचं ठरलेलं आहे. घरात पेशंट असेल तर घरच्यांनाही. अक्काचा हक्क दोन्हीकडून होता. एचआयव्ही म्हणूनही आणि पेशंटची आई म्हणूनही. फुली मारणाऱ्या हातानं तिला चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवलं असतं तर? एका चिठ्ठीचं काम होतं. कुणी केलं नाही. तिच्या गोळ्यांच्या दवाखान्यातही कुणी विचारलं नाही की बाई, घरात कुणाला खोकला आहे का.

आणि पेशंटच्या घरातल्या प्रत्येकाला शिधा द्या. रोग व्हायच्या आधी. झारखंडनं दाखवून दिलंय, आता पुरावा मागू नका.

०००

अक्का जिवंत आहे. सहा महिने औषध घेतलं, पुरं केलं. वजन आता त्रेचाळीस. या लेखातलं मी तिला वाचून दाखवलं. ते लशीबिशीचं ऐकून तिला झोप यायला लागली होती. पण पंगतीचं आलं तेव्हा जागी झाली.

म्हणाली, "पंगतीत जागा मागू नगंस. जेवान कुनी शिजवलं ते इचार."

विचारतोय अक्का. लस बनवायला जे पैसे लागतात त्यात या देशाचा पैसा आहे, म्हणजे खाणीवरच्या, गटारातल्या, खडी फोडणाऱ्या माणसाच्या काडेपेटीवरचा कर आहे. चाचण्यांना जी अंगं लागतात ती आमच्यासारख्या वस्त्यांतली आहेत. रोगही आमच्याच घरात पोसला गेला. शिजवणारे आम्ही. आणि पान मांडताना तुम्ही आम्हाला विचारता, निकषात बसता का?

पुढच्या वेळी फॉर्म घेऊन याल तेव्हा दारात एकटी अक्का नसेल. आम्ही सगळे असू. आणि पहिला प्रश्न आम्ही विचारू.